तीन नंबरच्या कॅमेऱ्यातला पट्टा

अहल्याला नोकरी लागून चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत तिने सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य होतं, "तू नुसतं बघ." ती बघायचीही. मुंबईच्या एका खासगी कंपनीची ओबी व्हॅन, म्हणजे चाकांवर उभं केलेलं टीव्ही केंद्रच, खेळांचं थेट प्रक्षेपण करत देशभर फिरायची. व्हॅनच्या आत एका भिंतीला बावीस पडदे होते. अहल्या त्यांच्यापुढे स्टुलावर बसायची आणि कुणी काही मागितलं की उठून द्यायची. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी पहिल्या वर्गात मिळवली होती, पण गाडीतल्या सात इंजिनियरांमध्ये ती सर्वांत नवीन होती आणि एकटीच बाई.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत गाडी बंगळुरात आली. हॉकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती, शनिवारी उपांत्य सामना आणि रविवारी अंतिम. अहल्या खूश होती, कारण या वेळी लॉजवर राहायचं नव्हतं. घर बनशंकरीत, तिथून डबा घेऊन निघायचं आणि संध्याकाळी परत. तिच्या घराण्याला या मुलखात येऊन सव्वातीनशे वर्षं झालेली. घरात मराठीच, पण त्या मराठीत इतकं कन्नड मिसळलेलं की गाडीचे मुख्य इंजिनियर जयसिंगराव पहिल्या दिवशी हसत सुटले होते. अहल्या त्यांना म्हणाली होती, "सर, स्वल्प थांबा, येतेच." स्वल्प म्हणजे कन्नडात थोडं. जयसिंगराव मूळचे कोल्हापूरचे. सरकारी टीव्हीत वीस वर्षं काढून इकडे आलेले. त्यानंतर तिला हाक मारायची असली की ते म्हणत, "कुठं गेली आमची स्वल्प?"

गुरुवारी केबल टाकल्या, शुक्रवारी सकाळी कॅमेरे जोडून झाले आणि साडेनऊच्या सुमाराला तीन नंबरच्या पडद्यावर पट्टा दिसला.

फिकट, धुरकट, आडवा पट्टा. हिरव्यागार टर्फच्या, म्हणजे मैदानावरच्या कृत्रिम गवताच्या, चित्रावरून तो वरून खाली सरकायचा, तळाशी जाऊन नाहीसा व्हायचा आणि पुन्हा वर उगवायचा. बाकी सगळे कॅमेरे स्वच्छ होते.

तीन नंबरचा कॅमेरा पश्चिमेकडच्या गोलामागे होता. तिथे पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा होता. टाकी अगदी वर आणि मधे एक लोखंडी फळी. त्या फळीवर प्लायवूड टाकून कॅमेरा बसवला होता, कारण तेवढ्या उंचीची दुसरी जागा त्या बाजूला नव्हतीच. तिथून गोलातली सगळी धुमश्चक्री दिसायची.

"मला तीन नंबर पाहिजेच," मुंबईहून आलेला डायरेक्टर तनय म्हणाला. "पेनल्टी कॉर्नर मी दुसरीकडून दाखवूच शकत नाही. रिप्ले पण तिथूनच."

जयसिंगरावांनी एक नंबरचा कॅमेरा टाकीवर नेला आणि तीन नंबरचा खाली आणला. पट्टा टाकीवरच राहिला. गाडीतलं यंत्र बदललं, केबलची टोकं उलटसुलट केली, तरी पट्टा हलेना. तेवढी लांब दुसरी केबल गाडीत नव्हती. आहे ती दोन तुकडे जोडूनच टाकीपर्यंत पुरवली होती.

साडेअकराच्या सुमाराला पट्टा आपला आपण गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सव्वाबाराला तो परत आला.

"भूत आहे टाकीवर," कुणीतरी म्हणालं आणि गाडीत हशा पिकला. अहल्या हसली नाही. तिने वहीत वेळ लिहून ठेवली. मग मनगटावरचं घड्याळ बघत पट्टा वरून खाली यायला किती वेळ लावतो तेही लिहिलं. चार सेकंद. दुपारी तीनला पुन्हा मोजलं तर दोन. पाचला दीडच्याही आत. हे तिला फार चमत्कारिक वाटलं. बिघाड म्हटला की तो असतो किंवा नसतो. या बिघाडाला चाल होती आणि ती चाल दिवसभरात बदलत होती.

जेवणाच्या सुट्टीत ती टाकीकडे गेली. सांगाड्याच्या पायाशी एक पंप होता, मैदानाच्या हौदातलं पाणी टाकीत चढवणारा. पलीकडे लोखंडी चाकाची मोठी तोटी होती. सामन्याआधी टर्फ भिजवायचं तर तीच तोटी उघडायची. तोटीजवळ पन्नाशीची एक बाई पाय पसरून भाकरी खात बसली होती. अहल्याने कन्नडमध्ये विचारलं, तर उत्तर बेळगावकडच्या मराठीत आलं.

"मी यल्लव्वा. पाण्याचं सगळं मीच बघतो. मराठी येतंय की मला."

तिकडच्या बायका 'मी बघतो' म्हणतात हे अहल्याला ठाऊक होतं. ती तिच्या शेजारी बसली. "इथे काम करून किती दिवस झाले?"

"टर्फ घातलं तवापासून. तुमची गाडी आली ते बेस झालं बघ अक्का."

"का?"

"ही तोटी चावायची मला. हात लावला की झिणझिण्या खांद्यापत्तोर. दोन वर्सांत इलेक्ट्रिशियनला चारदा सांगून झालं, तो म्हणतोय तुझं वय झालंय, वाताचं औषध घे. कालपासून चावत नाही. तुमच्या माणसांनी काय केलं की!"

आमच्या माणसांनी तोटीला हातही लावलेला नाही, असं अहल्या म्हणणार होती. तेवढ्यात गाडीतून हाक आली आणि ती उठून गेली. पण ते वाक्य तिच्या डोक्यात खड्यासारखं टोचत राहिलं.

संध्याकाळी घरी जेवताना तिने अण्णांना, म्हणजे वडिलांना, पट्ट्याची गोष्ट सांगितली. अण्णांचा जन्म टेलिफोनच्या कारखान्यात गेला होता. टीव्हीतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि तसं ते कबूलही करत. त्यांनी सारात भात कालवता कालवता फक्त एवढंच विचारलं, "चालतो म्हणतेस, तर कुणाच्या तालावर चालतो तो?"

अहल्याचा घास हातातच राहिला.

टीव्हीचं चित्र सेकंदाला बरोबर पन्नास वेळा रंगवलं जातं. विजेचा प्रवाहही सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो, निदान तसा व्हायला हवा. पण शहरावर भार वाढला की विजेचा ताल ढिला पडतो, पन्नासाचा साडेएकोणपन्नास होतो. वीज चित्रात घुसली आणि दोन्ही ताल जुळले नाहीत, तर पट्टा सरकणारच. ताल जितका ढिला, तितका तो घाईने खाली येणार. दुपारी कारखाने जोरात, संध्याकाळी घरोघरी दिवे. म्हणून चार सेकंदांचे दोन आणि दोनाचा दीड!

पण गाडी तर शहराच्या विजेवर चालतच नव्हती. तिचा स्वतःचा जनरेटर होता.

शनिवारी सकाळी आठला ती जनरेटरवाल्यापाशी उभी होती. "जरा वेग वाढवता? अगदी थोडा."

"जयसिंगरावांना विचारलंस?"

जयसिंगराव मागेच उभे होते. "काय करायचंय तुला?"

तिने वही उघडून दाखवली. त्यांनी वेळांचा तक्ता वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग जनरेटरवाल्याला म्हणाले, "वाढव."

वेग वाढला, जनरेटरचा आवाज चढला. पट्टा होता त्याच संथ चालीने खाली येत राहिला. त्याला जनरेटरशी काही देणंघेणं नव्हतं.

"म्हणजे शहराचा करंट," जयसिंगराव हळूच म्हणाले. "आणि काल साडेअकराला गेलं होतं काय मग?"

"लाइट, सर. मी मघाशी फाटकावरच्या चहावाल्याला विचारलं. काल साडेअकरा ते बारा लाइट नव्हते. आपण जनरेटरवर, आपल्याला कसं कळणार?"

"पण पट्टा तर सव्वाबाराला आला."

"तेच तर. लाइट आल्यावर पंधरा मिनिटांनी कुणीतरी काहीतरी चालू केलं असणार."

जयसिंगरावांनी वही मिटून तिला परत दिली. "जा, केबलबरोबर चालत जा. सगळी बघ."

केबल गाडीपासून दीडशे मीटर भिंतीच्या कडेने जात होती. अहल्या वाकून, हाताने चाचपत तिच्याबरोबर चालली. टाकीपाशी केबल लोखंडी शिडीवरून वर चढत होती आणि नेमका दोन तुकड्यांचा सांधा शिडीला तारेने बांधला होता. सांध्याचं कवच धातूचं, शिडी धातूची. खाली पंप घरघरत होता.

तिने यल्लव्वाला पंप बंद करायला सांगितलं आणि वॉकीटॉकीवर विचारलं, "तीन नंबर?"

"गेला पट्टा!" गाडीतून आवाज आला.

"यल्लव्वा, आता चालू करा."

"आला!"

असं तिने चार वेळा केलं. एकदाच पुरेसं होतं, पण तिला थांबवेना. पंपातून वीज लोखंडात उतरत होती आणि शिडीवरून, सांध्यातून, केबलच्या कवचावरून सरळ त्यांच्या गाडीपर्यंत येत होती. बघता बघता सगळा प्रवास तिला डोळ्यांसमोर दिसला.

जयसिंगराव आले. त्यांनी पंप थांबवून सांधा शिडीपासून सोडवला, त्यावर जाड रबर आणि टेप गुंडाळायला लावली आणि तो दोरीने लोखंडापासून वेगळा टांगला. पंप पुन्हा चालू केला तरी पडदा स्वच्छ. तनयने गाडीतूनच टाळ्या वाजवल्या. "अहल्या, ब्रिलियंट!" चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला तिच्या नावाने वाखाणलं होतं. जयसिंगराव म्हणाले, "शाबास स्वल्प," आणि इलेक्ट्रिशियनला निरोप पाठवला की पंप सामन्यानंतर बघून घे.

सामना चारचा, साडेतीनला टर्फ भिजवायचं आणि त्याच वेळी प्रक्षेपण सुरू होणार. तीनपासून गाडीत धावपळ सुरू झाली. अहल्याला या वेळी स्टूल नव्हे, खुर्ची मिळाली होती, पडद्यांच्या अगदी समोर. तीन नंबरचं चित्र पाण्यासारखं नितळ होतं. ती त्याकडे बघत बसली आणि तिला चैन पडेना.

पट्टा दिसत नव्हता, म्हणजे वीज केबलमधून येत नव्हती. पण पंप तर चालूच होता. मग ती वीज आता जात कुठे होती?

आणि तो खडा टोचला. *तुमची गाडी आल्यापासून चावत नाही.*

अर्थात चावणार नाही. दोन दिवस लोखंडात उतरलेली वीज केबलवरून गाडीकडे निघून जात होती. ती वाट सकाळी त्यांनीच रबर लावून बंद केली होती.

घड्याळात तीन बावीस झाले होते. तिने मीटर आणि स्क्रूड्रायव्हर उचलला आणि दार उघडून पळत सुटली. मागून तनय ओरडला, "अहल्या! आठ मिनिटं राहिलीत!" वॉकीटॉकीवर जयसिंगरावांचाही आवाज आला, पण दम लागल्यामुळे तिला उत्तर देता आलं नाही.

टाकीपाशी गळत्या पाण्याने माती ओली झाली होती. तिने स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसला, मीटरची एक तार त्याला लावली आणि दुसरीचं टोक, हात लांब ठेवून, शिडीला. काटा सरळ एकशेचाळीस व्होल्टवर जाऊन थांबला.

यल्लव्वा हौदाकडून येत होती. अनवाणी, पदर खोचलेला, तोटीकडे. साडेतीन म्हणजे साडेतीन, इतक्या वर्षांत तिने टर्फला एक मिनिट उशीर होऊ दिला नव्हता.

"यल्लव्वा! हात लावू नका!"

यल्लव्वा हसली. "लावतो की, चावत नाही आता."

"मुट्टबेडी!" अहल्या कन्नडमध्ये किंचाळली. कसं कुणास ठाऊक, पण ऐन वेळी तिच्या तोंडी कन्नडच आलं, हात लावू नका म्हणून. आवाज इतका फाटला की यल्लव्वा जागच्या जागी थिजली. तोटी तिच्यापासून हातभर अंतरावर होती.

"मागे या. चिखलातून बाहेर. अजून मागे." मग अहल्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "सर, टाकीच्या सांगाड्यात करंट आहे. एकशेचाळीस. तीन नंबरच्या कॅमेरामनला सांगा, कठड्याला आणि कॅमेऱ्याला दोन्हींना हात लावायचा नाही. प्लायवूडवर नुसतं उभं राहायचं. खाली उतरायचं नाही."

जयसिंगराव म्हणाले, "सांगतो. तू मेन पाड."

मेन स्विचची पेटी पत्र्याची होती. तिला हात लावायची अहल्याची छाती झाली नाही. भिंतीशी सरावातल्या मोडक्या हॉकी स्टिक टाकलेल्या होत्या. तिने त्यातली एक कोरडी उचलली आणि लाकडी दांड्याने स्विच खाली दाबला. पंपाची घरघर मंदावत मंदावत थांबली. मीटरचा काटा शून्यावर आला, तरी ती पुन्हा पुन्हा शिडीला टोक लावून बघत राहिली.

पुढचा अर्धा तास गोंधळाचा गेला. स्पर्धेचे एक पदाधिकारी ब्लेझर घालून धावत आले. टाकी जेमतेम चौथाई भरली होती. पंप नाही म्हणजे पाणी नाही, पाणी नाही म्हणजे टर्फ कोरडं, आणि कोरड्या टर्फवर पंच सामना सुरू करू देईनात. "कुणी बंद केलं? कुणाच्या परवानगीने?" ते ओरडत होते. "पंप दोन वर्षं असाच चालतोय!"

"ही बाई दोन वर्षं सांगतेय," अहल्या म्हणाली. आपल्याला एवढा आवाज आहे हे तिलाच नवीन होतं.

"तुम्ही टीव्हीवाले, तुम्हाला पंपाशी काय करायचंय? सकाळी तुमच्याच माणसांनी इथे काहीतरी उद्योग केला म्हणे!"

जयसिंगराव तोवर पोचले होते. त्यांनी शांतपणे चष्मा काढला, पुसला, परत लावला. "खरं आहे. रबर मी लावायला सांगितलं. चित्र साफ झालं, मी खूश झालो, पुढचा विचार मी केला नाही. वीस वर्षं या कामात काढलेल्या माणसाने करायला पाहिजे होता, तो या मुलीने केला. कागदावर लिहायचं असेल तर माझं नाव लिहा. पंप मात्र चालू होणार नाही."

शेवटी पाण्याचे दोन टँकर आले आणि पाइप लावून माणसांनी हाताने टर्फ भिजवलं. सामना पस्तीस मिनिटं उशिरा सुरू झाला. तेवढा वेळ देशभर नुसतं मैदान दाखवायचं होतं आणि तनयच्या तोंडून अशा शिव्या बाहेर पडत होत्या की अहल्याने हेडफोन बाजूला ठेवले. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने सगळे कॅमेरे टँकरवाल्यांवर लावले. समालोचकांनी टर्फला पाणी का लागतं, कोरड्यावर चेंडू कसा उसळतो, खेळाडूंची कातडी कशी सोलवटते, हे रंगवून सांगितलं. तीन नंबरच्या कॅमेरामनने पाण्याच्या फवाऱ्यात उमटलेलं इंद्रधनुष्य टिपलं आणि तनय ओरडला, "होल्ड दॅट! कुणी हलू नका!"

मुंबईच्या ऑफिसातून संध्याकाळी फोन आला. उशिराबद्दल जयसिंगरावांना बरंच ऐकावं लागलं. ते "हो", "हो" करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "रिपोर्ट पाठवतो. वाचा आणि मग बोलू." रिपोर्ट त्यांनी अहल्याला लिहायला सांगितला. छापील कागदावर 'बिघाडाचे कारण' यापुढे दीड ओळीची जागा होती. तिने मागे तीन पानं जोडली, वेळांच्या तक्त्यासकट. दोन महिन्यांनी कंपनीने नियम काढला की लोखंडी सांगाड्यावर कॅमेरा चढवण्याआधी तो मीटरने तपासायचा. त्या नियमाखाली कुणाचंच नाव नव्हतं. कोलकात्याच्या पुढच्या दौऱ्यात मात्र केबल आखायचं काम तिच्याकडे आलं.

पण ते नंतरचं. रविवारी सकाळी इलेक्ट्रिशियनने पंप उघडला तेव्हा जमिनीत जाणारी अर्थिंगची तार मुळाशीच तुटलेली सापडली. मोटरच्या वायरचं वेष्टणही जळालेलं होतं. नवा पंप बसला, नवी तार गाडली गेली. इलेक्ट्रिशियन यल्लव्वाकडे न बघता निघून गेला. यल्लव्वाने तोटीला आधी एक बोट लावून बघितलं, मग पंजा, मग दोन्ही हात.

अंतिम सामन्याच्या आधी टर्फ भिजवून झाल्यावर अहल्या तिला गाडीत घेऊन आली. तनय काही बोलणार होता, पण जयसिंगरावांनी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

यल्लव्वा दारात चपला काढून आत आली. थंडगार अंधार, आणि समोर बावीस ठिकाणी तिचंच मैदान, त्यावर सराव करणारे खेळाडू. ती एकेक पडदा निरखत गेली. मग कोपऱ्यातल्या एका पडद्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यो टीव्ही बिघडलाय, अक्का."

"का हो?"

"बघ की. हिकडं त्यानं चेंडू मारला. तिकडं अजून मारतोय."

अहल्याला हसू आलं. चार महिन्यांपूर्वी तिने स्वतः हे विचारलं होतं, पण ते चौथ्या दिवशी. यल्लव्वाने पाच मिनिटांत पकडलं. "हे चित्र इथून वर उपग्रहाकडे जातं. छत्तीस हजार किलोमीटर. तिथून खाली येतं, मग त्या टीव्हीत दिसतं. लोकांच्या घरी तेच पोचतं."

"एवढं लांब जाऊन आलं?" यल्लव्वाने गाडीच्या छताकडे बघितलं. "आणि एवढ्यात?"

"पाव सेकंदात."

"मग घरातल्यांना जे दिसतंय ते होऊन गेलेलं."

"हो. थोडंसं."

यल्लव्वा कॅमेऱ्याचा पडदा आणि कोपऱ्यातला तो टीव्ही यांच्या मधोमध येऊन उभी राहिली. सामना सुरू झाला, शिट्टी वाजली. पहिला पेनल्टी कॉर्नर मिळाला तेव्हा तिने डावीकडे बघितलं, झटकन मान वळवून उजवीकडे बघितलं आणि टाळी वाजवून हसली. मग पुढच्या फटक्याला तेच. अहल्याने स्टूल पुढे सरकवून दिलं, पण मध्यंतराचं पाणी सोडायची वेळ होईपर्यंत यल्लव्वा काही बसली नाही.